एक काना कमी

तिला सगळा कारखाना 'थांबा-ओलंय' म्हणायचा. खरं नाव मस्टरवर होतं, ते दर महिन्याला मीच लिहायचो, पण मलाही ते पटकन आठवायचं नाही. आमचा शर्टांचा कारखाना. वरच्या मजल्यावर धुलाई-इस्त्रीचा हॉल, त्याच्या बरोबर खाली काजं-बटणांचा हॉल, अंगणापलीकडे कापणीची शेड आणि शेडला चिकटून आमचं ऑफिस. वरचा हॉल कायम ओला. ही बाई तिथली फरशी पुसायची, अकरा वर्षं. कुणी जिना चढून आलं की हातातलं फडकं तसंच धरून ओरडायची, "थांबा, ओलंय!" आणि गंमत बघा, सगळे थांबायचे. मोठे साहेबसुद्धा एक पाय उचललेला तसाच धरून बगळ्यासारखे उभे राहायचे. तेवढ्या एका बाबतीत तिचं म्हणणं आमच्याकडे कुणी कधी तपासून घेतलं नाही.

बाई चाळिशी उलटलेली, काटक, तोंडाची फटकळ. नवरा लवकर गेला. "चौथी पास आणि पाचवी नापास," असं स्वतःच सांगायची, "कारण पाचवीत गेलेच नाही." मुलगी एकुलती एक. तिला मात्र दहावी केलं आणि आमच्याच कारखान्यात खालच्या हॉलमध्ये काजं-बटणांवर लावलं. पोरगी हाताची चलाख, साठ बायांत पहिल्या तिघींत. जेवायच्या सुट्टीत मायलेकी अंगणातल्या नळापाशी बसायच्या. आई आपल्या डब्यातलं अर्धं पोरीच्या डब्यात ढकलायची आणि पोरगी म्हणायची, "आई, लोक बघतात गं." आईच्या ओल्या पदराची, भेगाळलेल्या पायांची तिला थोडी लाज वाटायची. त्या वयात वाटतेच. मला माझ्या बापाच्या टोपीची वाटायची.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय ही गोष्ट पुढं जात नाही. मी तिथला कारकून. कारखान्यात लागलो त्याच्या तिसऱ्याच दिवशी फाटकावर 'प्रवेश निषीद्ध' असं लिहिलेलं दिसलं आणि मी खडूनं त्यातला दीर्घ ऱ्हस्व केला. झालं! त्या दिवसापासून मी 'ऱ्हस्वदीर्घ'. मला राग यायचा नाही. खरं सांगायचं तर आतून गुदगुल्या व्हायच्या. वासरात लंगडी गाय शहाणी, तसा मी. साहेबांचं पत्र असो, रजेचा अर्ज असो, चूक सापडली नाही तर मला दिवस सुना वाटायचा.

फाटकाशी एक सूचनापेटी होती. किल्ली माझ्याकडे. दर शनिवारी चिठ्ठ्या काढायच्या आणि साहेबांचा चहा चालू असताना त्यांना वाचून दाखवायच्या, हा रिवाज. चिठ्ठ्या काय असायच्या? चहा पातळ आहे. संडासाची कडी लागत नाही, मैत्रिणीला बाहेर उभं करावं लागतं. एकदा कुणीतरी नुसतंच लिहिलं होतं, 'पंखा'. साहेब हसायचे आणि ठरलेला प्रश्न टाकायचे, "कोण म्हणतंय हे?" त्यांचं ते ब्रीदच होतं. "कोण म्हणतं ते आधी सांगा, काय म्हणतं ते मग बघू." मलाही ते पटायचं. दोरा विकणारा आपलाच दोरा पक्का म्हणणार, यात ऐकण्यासारखं काय आहे? माणूस कळला की निम्मं काम झालं, असंच मी धरून चाललो होतो.

त्या वर्षी वरच्या हॉलमध्ये धुलाईची चार नवी मशिनं आली. एकेक मशीन हत्तीएवढं. चढवताना जिन्याचा कठडा तुटला. मशिनं येऊन सहाएक महिने झाले असतील, तेव्हा एका शनिवारी पेटीत वहीच्या पानाची घडी निघाली. अक्षर वळणाचं नव्हतं, पण एकेक अक्षर दाबून लिहिलेलं. मी साहेबांना वाचून दाखवली.

'मोठ्या साहेबांना नमस्कार. वरच्या हॉलची फरशी खचत आहे. मी रोज बघतो. पूर्वी पाणी ओतलं की मोरीकडे जायचं. नवीन मशीन आल्यापासून तिसऱ्या खांबाकडे जातं. आधी तिथं दोन बोटं साचायचं, आता चार बोटं साचतं. म्हणजे खांब खाली चालला आहे. त्याच्या खाली साठ बाया बसतात. हे खोटं वाटलं तर बादलीभर पाणी ओतून बघावे. एक कामगार.'

साहेबांनी कप खाली ठेवला. "परत वाचा." मी परत वाचली. "डोकं आहे ह्याला," ते म्हणाले. "बघा ना, आधी काय होतं, आता काय होतं, आणि वर म्हणतो ओतून बघा. कोण असेल हो? फिटर?" मीही मान हलवली. फिटरच असणार, दुसऱ्या कुणाला एवढं सुचतं? साहेबांनी त्याच दिवशी इंजिनिअरला फोन केला. तो पुढच्या आठवडाभर अडकलेला होता, त्याच्यानंतरच्या मंगळवारी येतो म्हणाला. साहेबांनी जाता जाता फिटरच्या पाठीवर थाप मारली, "नजर आहे हां तुझी!" तो पठ्ठ्या नाही म्हणाला का? छे! मान खाली घालून म्हणतो कसा, "आता काय सांगायचं, साहेब." फुकटची थाप कोण सोडतो!

इंजिनिअर येणार ही बातमी दोन दिवसांत सगळीकडे झाली. मला आता आठवतं, त्या आठवड्यात थांबा-ओलंय मोठ्या खुशीत होती. मला बघून म्हणाली, "काय भाऊ, मंगळवारी येणार म्हणे इंजिनिअर?" मी म्हणालो, "तुम्हाला काय करायचंय, मावशी? पाय पुसून येईल तो." ती हसली.

दुसऱ्या शनिवारी पेटीत आणखी एक घडी. तेच पान, तेच दाबून लिहिलेलं अक्षर, पण या वेळी ओळी तिरक्या गेलेल्या, घाईत लिहिल्यासारख्या. साहेब चहा ढवळत होते, मी वाचायला लागलो.

'पाणी आता सहा बोटं. काल खांबापाशी फरशीखालून कडकड आवाज आला. मी फार घाबरले. मंगळवारपर्यंत थांबू नका. खालच्या बायांना आधी शेडमध्ये हलवा.'

साहेबांचं अर्धं लक्ष चहात. त्यांनी विचारलं, "कोण घाबरले? कामगार?"

देवा शपथ सांगतो, नुसतं 'हो' म्हणायचं होतं. कामगार घाबरले. व्याकरणातही बसलं असतं. कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मी ऱ्हस्वदीर्घ ना! चूक समोर आल्यावर माझी जीभ गप्प कशी बसणार?

"नाही साहेब. 'मी घाबरले' असं आहे."

"तुम्ही?"

"मी नाही हो. लिहिणारी."

उचलली जीभ लावली टाळ्याला. साहेबांचा चमचा थांबला. "लिहिणारी? म्हणजे बाई आहे?" आणि मी थांबलो नाही. मला तर चेव आला. कपाटातून पहिली चिठ्ठी काढली, दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या आणि मास्तरासारखं बोट ठेवून दाखवलं. "हे बघा, इथं 'बघतो', इथं 'घाबरले'. अक्षर एकाच हाताचं. पहिल्या वेळी सांभाळून लिहिलंय, दुसऱ्या वेळी घाईत 'लो'चं 'ले' झालं. एक काना कमी पडला, साहेब, आणि मिशी गळून पडली!"

साहेब पोट धरून हसले. मीही हसलो. चहा आणणारा शिपाई दारात उभा होता, तोही हसला. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या विनोदाला एवढी दाद कधी मिळाली नव्हती.

वरच्या हॉलमध्ये पाण्याशी संबंध असलेली बाई एकच. तिला बोलावलं. ती दाराबाहेर पाय पुसून आत आली. टेबलावर दोन्ही चिठ्ठ्या बघितल्या आणि काही विचारायच्या आतच म्हणाली, "हो, माझ्याच आहेत."

"मग 'बघतो' कशाला लिहिलंस?"

"बघते लिहिलं असतं तर वाचली असती का, साहेब?"

साहेबांना ते लागलं. त्यांनी खुर्ची मागं सरकवली. "तुझी मुलगी खाली बसते ना? गेल्या महिन्यात तिला शेडमध्ये घ्या म्हणून आली होतीस, मी नाही म्हणालो. आता आलं लक्षात. पोरीची बदली व्हावी म्हणून सगळा कारखाना हलवायला निघालीस!"

"उलटं आहे, साहेब," ती काकुळतीला येऊन म्हणाली. "पाणी बघितलं म्हणून बदली मागितली. आधी पाणी, मग पोरगी. आणि आता तर मी साठांच्या साठ हलवा म्हणतेय ना?"

"आणि पुरुष बनून लिहिलंस. जी स्वतःबद्दल खोटं लिहिते तिचं बाकीचं खरं कसं धरायचं?"

"धरू नका, साहेब. माझं काहीच खरं धरू नका. बादलीभर पाणी ओता फक्त. पाण्याला काय माहीत, ओतणारी कोण आहे ते?"

साहेब माझ्याकडे बघून हसले. "म्हणतात ना, नाचता येईना अंगण वाकडं. हिला पुसता येईना, फरशी वाकडी!"

ती माझ्याकडे वळली. मी चिठ्ठ्यांच्या घड्या घालत होतो. त्या घड्या मी फार नीट घातल्या, एवढंच मला आठवतं.

साहेबांनी तिच्यासमोरच इंजिनिअरला फोन लावला. "मंगळवारचं राहू द्या. काही नाही हो, एका बाईचं खूळ होतं." तिला वरच्या हॉलमधून काढून अंगण झाडायला लावलं. वर दुसरी बाई दिली, तिला रबराच्या दांडक्यानं पाणी ढकलायला सांगितलं. पाणी ढकललं की जिकडे ढकलाल तिकडे जातं. ते आपण होऊन कुठं जातं, हे बघणारं वर कुणी उरलं नाही.

घरी जेवताना मी हा किस्सा बायकोला रंगवून सांगितला. मिशी गळून पडली, यावर ती हसेल असं वाटलं होतं. तिचा हात ताटातच थांबला.

"अहो, ती बाई आहे हे कळलं. पोरीची आई आहे हेही कळलं. पाणी कुठं जातं, ते कळलं का?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हणजे ओतलं का कुणी?"

मी भाजीचं भांडं पुढं ओढलं. "ते राहिलं."

"राहिलं!" ती म्हणाली. "एवढे शिकलेले दोघं पुरुष, एक बादली भरता आली नाही?" पुढं ती माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही.

रविवार माझा कसा गेला ते मलाच माहीत. मला एकच गोष्ट राहून राहून टोचत होती. कुणी म्हणालं, 'मी बघितलंय, माझ्यावर विश्वास ठेवा', तर त्या माणसाकडे बघावंच लागतं, दुसरं असतं काय आपल्या हातात? पण ती कुठं म्हणाली होती विश्वास ठेवा? ती तर म्हणाली, बादली घ्या. आणि आम्ही बादली सोडून तिचा काना मोजत बसलो.

सोमवारी जेवायच्या सुट्टीत मी वर गेलो. हॉल रिकामा होता, मशिनं बंद. मी मोरीच्या नळाखाली बादली भरली आणि हॉलच्या मधोमध ओतली. पाणी क्षणभर जागीच पसरलं. मग मोरीकडे पाठ करून, कुणी बोलावल्यासारखं, तिसऱ्या खांबाकडे निघालं. मी खाली बसलो. खांबाच्या बुडाशी बोटं बुडवली. सहा बोटं आणि वर थोडं. खालून बायांच्या हसण्याचा आवाज येत होता, इतका स्पष्ट, की फरशी पुठ्ठ्याची वाटावी.

तसाच साहेबांकडे गेलो. विजार गुडघ्यापर्यंत ओली. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हीसुद्धा? त्या बाईनं तुमचेही कान भरले वाटतं."

"साहेब, मी स्वतः ओतलं."

"तुम्हाला बांधकामातलं काय कळतं हो? वेलांट्या बघा तुम्ही."

"मला नाही कळत. पाण्याला कळतं."

"हे बघा, हे तर तिचंच वाक्य!" साहेब टाळी वाजवून म्हणाले. "माझ्या एका शब्दावर इंजिनिअरचं येणं रद्द झालं. आता परत बोलावू? कुणाच्या सांगण्यावरून म्हणून सांगू, झाडूवालीच्या की कारकुनाच्या?"

मी माझ्या जागेवर परत आलो. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. एरवी लोक अशा ठिकाणी म्हणतात, माझा नाइलाज झाला. माझा नाइलाज वगैरे काही झालेला नव्हता. इंजिनिअरचा नंबर माझ्याच डायरीत होता. मी भ्यालो, एवढंच.

मंगळवार गेला. बुधवारी जेवायच्या सुट्टीत मी हात धुवायला नळावर गेलो, तर मायलेकींचं जुंपलेलं. आई खाली बसून पोरीचा हात धरून होती. तिचा आवाज बसला होता, कारण तीन दिवस ती फाटकाशी झाडू घेऊन एकेका बाईला हेच सांगत होती आणि बाया तिला "थांबा-ओलंय, आता काय अंगणपण ओलं का?" म्हणून चिडवत आत जात होत्या.

"उद्या येऊ नकोस. हात जोडते तुला. एक आठवडा येऊ नकोस."

"आणि काय सांगू? आईला पाण्यात दिसलं? सगळ्या हसतात मला. तुझी आई पुरुष झाली म्हणे, मिशी कधी येणार, असं विचारतात!"

मिशी. माझा विनोद शिपायाच्या तोंडून खालच्या हॉलपर्यंत पोचला होता. मी नळ उगाचच चालू ठेवला.

"हसू दे. तू नको जाऊ."

पोरगी रडवेली झाली. "आई, तू दुसऱ्या कुणाची आई असतीस ना, तर मी ऐकलं असतं. माझी आहेस म्हणून तुला सगळीकडे मरणच दिसतं. लहानपणी झोका खेळू दिला नाहीस, पोहायला जाऊ दिलं नाहीस. प्रत्येक वेळी काहीतरी होणारच असतं. कधी झालं का काही?"

आईनं तिचा हात सोडला नाही. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि मी दिसलो. "बरं, माझं नको ऐकू. ह्या भाऊंना विचार. शिकलेले आहेत, तुझे कुणी लागत नाहीत. भाऊ, सोमवारी ओल्या विजारीनं वरून उतरताना बघितलं मी तुम्हाला, पाणी ओतून बघितलंत ना? सांगा हिला."

पोरगी माझ्याकडे वळली. डोळे पुसून सरळ विचारलं, "काका, खरंय?"

मी म्हणालो, "पाणी तिकडे जातं हे खरं. पण साहेब म्हणतात, काळजीचं कारण नाही."

एका वाक्यात दोन डगरींवर दोन पाय. 'पण' फार हरामखोर शब्द आहे. त्याच्या आधीचं सगळं तो पुसून टाकतो. पोरगी 'पण'च्या पुढचं तेवढं घेऊन उठली. "ऐकलंस?" ती आईला म्हणाली, आणि डबा हलवत आत गेली. आई माझ्यावर चिडली नाही. म्हणाली, "निदान पाण्याचं तरी खरं म्हणालात, भाऊ. एवढं पण कुणी म्हणालं नाही."

गुरुवारी सव्वाअकराला वरचा हॉल खाली आला.

मी ऑफिसात होतो. आवाज नाही सांगता येणार मला. सांगायचाही नाही. धूळ एवढी उठली की अंगण दिसेना, आणि त्या धुळीतून एकच आवाज येत होता, तिचा, पोरीला हाक मारणारा. हॉलच्या कडेच्या बाया बाहेर आल्या, कुणाचा हात गेला, कुणाचा पाय. तिसऱ्या खांबाभोवतीच्या आठ जणी गेल्या. पोरगी त्या आठांत. आईनं हातांनी विटा उपसल्या. तिला मागं ओढायला चार माणसं लागली. त्यांतला एक मी होतो.

पुढं चौकशी बसली. मी पहिली चिठ्ठी नेऊन दिली. दुसरी साहेबांच्या टेबलावरून कुठं गेली ते कुणाला माहीत नाही. समितीनं फिटरला बोलावलं, तर तो शपथेवर म्हणाला, मी कधी चिठ्ठी लिहिलीच नाही. मी सांगितलं, त्या मावशींनी लिहिली. अध्यक्षांनी चष्मा वर करून कागद बघितला. "इथं तर 'बघतो' आहे." मी म्हणालो, हो, पण. आणि त्या 'पण'च्या पुढचं त्यांना ऐकायचं नव्हतं. अहवालात लिहिलं, 'अज्ञात पुरुष कामगार'. साहेबांना दुसरीकडे पाठवलं. मी नोकरी सोडली. बायको म्हणाली, "आता सोडून काय उपयोग?" तिचं बरोबर होतं. घरी बसून तरी मी काय केलं? वर्तमानपत्रातल्या चुका दिसायच्या आणि मी ते घडी घालून ठेवून द्यायचो.

दोन महिन्यांनी एका रविवारी दुपारी मी तिच्या घरी गेलो. न जाता चालणारच नव्हतं. झोप उडाली होती, जेवण जात नव्हतं. मनाशी ठरवलं होतं, की सगळं सांगायचं आणि ती थोबाडीत मारील तर खायची. मारावी, असंच वाटत होतं.

एक खोली, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. दाराशी पोरीच्या चपला अजून तशाच. ती खिडकीखाली चटईवर बसून काहीतरी लिहीत होती. मला बघून लगबगीनं उठली, "या भाऊ, या," म्हणाली आणि चहा टाकायला लागली. मी म्हणालो चहा नको. ती म्हणाली, तुम्ही आलात तेवढं एक बरं झालं, तुमच्याकडेच काम होतं.

"मावशी, आधी माझं ऐका."

"ऐकते. पण आधी माझं एवढं बघा." तिनं वही उचलली. "लिहिणं सुधारतेय. चौथीवर सुटलं ना माझं. तेव्हाच नीट शिकले असते तर ही वेळ आली नसती. 'लो' लिहायचं तिथं 'ले' लिहून बसले मी. पहिल्या चिठ्ठीला सगळं बरोबर आलं होतं. दुसरीला घात झाला. तो एक काना दिला असता तर मंगळवारी इंजिनिअर आला असता, भाऊ. पोरगी माझ्या अडाणीपणानं गेली."

हे ती रडत म्हणत नव्हती. हिशेब पक्का झालेल्या माणसासारखी म्हणत होती.

"मावशी, तुमचं चुकलं नव्हतं. बाईनं 'घाबरले' असंच लिहायचं. तेच बरोबर आहे. शंभर टक्के शुद्ध."

"मग साहेबांनी कसं पकडलं?"

"साहेबांना काही कळलंच नव्हतं! त्यांना वाटलं कामगार घाबरले. मी पकडलं. मी त्यांना बोट ठेवून दाखवलं. हसत हसत दाखवलं. मिशीचा विनोद माझा होता. मी गप्प बसलो असतो तर इंजिनिअर आला असता. तुमची पोरगी माझ्यामुळं गेली, मावशी."

मी थोबाडीची वाट बघत होतो. मग तिनं माझ्या हातावर आपला खरखरीत हात ठेवला.

"भाऊ, किती चांगले आहात हो तुम्ही."

"मावशी, मी खरं सांगतोय!"

"माझं मन हलकं करायला कशाला स्वतःच्या डोक्यावर घेता? सगळ्या कारखान्यात एकटे तुम्ही वर जाऊन पाणी ओतलंत. साहेबांच्या तोंडावर बोललात. नोकरी सोडलीत. तुमच्यासारखा माणूस असं करील होय?"

मी शपथ घेतली. शिपायाला विचारा म्हणालो, तो दारात होता. साहेब काय म्हणाले, चमचा कुठं थांबला, सगळं सगळं सांगितलं. माझा आवाज चढला, मी जवळजवळ ओरडलो तिच्यावर. ती मान हलवत राहिली, आजारी माणसाची बडबड ऐकावी तशी. मी काय सांगतोय ते तिच्यापर्यंत जातच नव्हतं. ती फक्त कोण सांगतंय ते बघत होती.

"असू दे," ती म्हणाली. "तुम्ही शांत व्हा. पाणी पिता का?"

तिनं मला पाणी दिलं. मी प्यालो. मग तिनं वही उघडून माझ्यापुढं सरकवली आणि आपलं पेन माझ्या हातात दिलं. "एवढं तपासून द्या. आता तरी येतंय का बघा."

पान भरून एकच शब्द होता, वरपासून खालपर्यंत, दाबून लिहिलेला. घाबरलो, घाबरलो, घाबरलो. मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तपासलं. एकही चूक नव्हती.